खैरलांजीची पहिली नोंद

लाखांदूर हा भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. तालुक्याची हद्द ओलांडली की पलीकडे गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले वडसा. मुलूख धानाचा, बोली झाडीची आणि वर्तमानपत्र मात्र नागपूरचे. आपल्याच तालुक्यात काल काय घडले हे इथल्या माणसाला वर्षानुवर्षे नागपुरात छापलेल्या कागदावरून कळत आले. बातमीची वाट ठरलेली होती. वार्ताहराने हाताने मजकूर लिहायचा, पाकीट चिकटवून एसटीच्या वाहकाच्या हाती द्यायचे, जिल्ह्याच्या कार्यालयाने ते नागपूरला रवाना करायचे. पुढे फॅक्स आला, मग ई-मेल आला. पाकीट गेले, पण वाट तीच राहिली: तालुका, जिल्हा, नागपूर, आणि प्रकरण फारच मोठे असेल तर मुंबई. प्रत्येक टप्प्यावर मजकुराला कात्री लागे आणि ती लावणारा माणूस घटनेपासून आणखी लांब बसलेला असे. याच जिल्ह्याच्या उत्तरेला, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत २००६ साली जे घडले त्याची बातमी याच वाटेने निघाली आणि वाटेतच अडकली. ती नंतर मोबाइल आणि इंटरनेटने सोडवली, असे आज सर्रास सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. उरलेला अर्धा भाग समजून घेतल्याशिवाय नव्या माध्यमांनी लोकशाहीला काय दिले आणि काय दिले नाही, याचा हिशेब लागत नाही.

या वाटेच्या सुरुवातीला उभा असलेला माणूस आधी नीट पाहायला हवा. तालुक्याचा वार्ताहर हा बहुतेक वेळा पगारी पत्रकार नसतो. अंकविक्रीचे कमिशन आणि जाहिरातींचे कमिशन यावर त्याचे चालते. या जाहिराती कोण देतो? वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे कार्यकर्ते, पंधरा ऑगस्टच्या पुरवणीत फोटो छापून घेणारे संस्थाचालक, कंत्राटदार, सोसायट्यांचे अध्यक्ष. गुन्ह्याची बातमी असेल तर तिचा उगम पोलीस ठाण्यात. ठाणे अंमलदार जे सांगेल आणि फिर्यादीत जे लिहिलेले असेल, तेवढीच त्या दिवसाची बातमी. यात वार्ताहराच्या चारित्र्याचा प्रश्न फार थोडा आहे. गावातल्या ज्या माणसांवर त्याचे महिन्याचे गणित अवलंबून, त्यांच्याविरुद्ध एकट्याने उभे राहण्याची ताकद त्याच्या मागे कोणीच उभी केलेली नाही. त्यामुळे गाव जेव्हा एकमताने गप्प बसते तेव्हा बातमीही गप्प बसते.

खैरलांजीत गाव असेच गप्प बसले. भय्यालाल आणि सुरेखा भोतमांगे यांचे बौद्ध कुटुंब तिथे साधारण पाच एकर जमीन कसत होते. गावात इतर मागासवर्गीय जातींचे बहुमत, दलितांची घरे बोटांवर मोजण्याइतकी. शेतातून रस्ता नेण्यावरून तंटा जुना होता. ३ सप्टेंबर २००६ रोजी या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहणाऱ्या, शेजारच्या गावच्या पोलीस पाटलांना मारहाण झाली. सुरेखा आणि त्यांची मुलगी प्रियंका या दोघींनी मारणारे ओळखले आणि तशी साक्ष दिली. २९ सप्टेंबरला त्या प्रकरणातले आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमावाने भोतमांगेंचे घर गाठले. सुरेखा, प्रियंका आणि रोशन व सुधीर ही दोन मुले, चौघांनाही ठार मारण्यात आले. मृतदेह कालव्यात टाकून देण्यात आले. भय्यालाल शेताकडे होते म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी कालव्यात पहिला मृतदेह मिळाला तेव्हा आंधळगाव पोलिसांकडे जी कागदपत्रे तयार होऊ लागली, ती या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहेत. त्यांच्याकडे पुन्हा वळावे लागेल.

बातमी छापून आली नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. विदर्भातल्या दैनिकांत ती आली, पण गुन्हेवार्तेच्या मापाने आली. सुरुवातीच्या काही बातम्यांचा सूर तर असा की, अनैतिक संबंधांमुळे चिडलेल्या गावकऱ्यांनी हे केले. मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवले की मारणाऱ्यांचा गुन्हा आपोआप हलका होतो, हे गावाला ठाऊक होते. पोलीस ठाण्यातून कागदावर आणि कागदावरून छापखान्यात ते जसेच्या तसे गेले. २ ऑक्टोबर २००६ रोजी विजयादशमी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात घेतलेल्या धम्मदीक्षेचे ते पन्नासावे वर्ष. दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय लोटला होता. खैरलांजी तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आत. ज्या भंडारा मतदारसंघातून बाबासाहेबांनी १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि हरली, त्याच जिल्ह्यात तीन दिवसांपूर्वी एक बौद्ध कुटुंब संपवले गेले होते, आणि त्या समुदायातल्या बहुसंख्यांपर्यंत ही गोष्ट पोहोचलीच नव्हती. त्या दिवशी देशात खासगी वृत्तवाहिन्या होत्या, नागपुरात चौकाचौकात सायबर कॅफे होते, हजारोंच्या खिशात मोबाइल होते. साधने सगळी हजर होती. त्यांच्यात घालायला कोणी खात्रीने सांगितलेली, तपासलेली हकीकत तेवढी नव्हती.

ती हकीकत ऑक्टोबरभर पायी फिरून जमवली गेली. विदर्भ जनआंदोलन समिती, मनुस्की आणि अशाच इतर संघटनांचे कार्यकर्ते गावात गेले, भय्यालाल यांच्याशी बोलले, कागद पाहिले, सत्यशोधन अहवाल लिहिले. हे अहवाल आणि मृतदेहांची छायाचित्रे ई-मेलने फिरू लागली. लघुसंदेश निघाले. इंटरनेटवर दलित तरुणांनी स्वतः चालवलेल्या पानांवर इंग्रजीत हकीकत चढली आणि ती परदेशी शिकणाऱ्या-नोकरी करणाऱ्या आंबेडकरी मंडळींपर्यंत गेली. छायाचित्रे संगणकातून पुन्हा कागदावर उतरली, पत्रके झाली, फ्लेक्स झाले, बुद्धविहारांत लागली. २९ ऑक्टोबरला ‘टाइम्स ऑफ इंडिया’त सॅब्रिना बकवॉल्टर यांचा सविस्तर लेख आला, तेव्हा हत्याकांडाला बरोबर एक महिना झाला होता. एरवीच्या वाटेवरचे तालुका, जिल्हा आणि नागपूर हे तिन्ही नाके या बातमीने बाजूने ओलांडले होते. नव्या साधनाने केलेले काम हेच, आणि ते लहान नव्हते. कुठली बातमी तालुक्याची हद्द ओलांडेल हे ठरवण्याचा काही मोजक्या लोकांचा मक्ता त्या महिन्यात मोडला.

नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसापासून रस्ता पेटला. भंडाऱ्यात मोर्चा निघाला, त्यात बायका पुढे होत्या. मग नागपूर, कामठी, अमरावती, यवतमाळ. अमरावतीत पोलिसांच्या गोळीबारात एक बळी गेला. नागपूरचे हिवाळी अधिवेशन तोंडावर आले असताना तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी या आंदोलनामागे नक्षलवादी असू शकतात असे विधान केले आणि संताप आणखी भडकला. काही पोलीस अधिकारी निलंबित झाले, तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, डिसेंबरअखेर अकरा जणांवर आरोपपत्र दाखल झाले. नोव्हेंबरअखेर कानपूरमध्ये बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि त्याच्या संतापात उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जाळले गेले. मुंबई-पुण्याच्या वाचकांपैकी अनेकांना खैरलांजी हे नाव त्या जळक्या डब्यांच्या बातमीत पहिल्यांदा भेटले. चार माणसे मारली गेल्याची बातमी रेल्वेचे डबे जळाल्याच्या बातमीच्या पोटात वाचावी लागते, हे त्या वेळच्या वृत्तव्यवस्थेविषयी पुरेसे बोलके आहे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. सरकारला हलवले ते रस्त्यावर उतरलेल्या माणसांनी. लघुसंदेशाने गृहमंत्री हलत नाही, हजारोंच्या मोर्चाने हलतो. मग तंत्रज्ञानाला कशाला श्रेय द्यायचे? शिवाय दलित-बहुजन समाजाने बातमीचा मक्ता मोडण्याचे काम इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी सुरू केले होते. कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ १८७७ साली काढले. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. ‘बहिष्कृत भारत’ १९२७चे. विहार, मंडळे, गायनपार्ट्या, पत्रके असे बातमीचे एक समांतर जाळे शंभर वर्षांपासून विणलेले होते. हे सगळे मान्य आहे, आणि माझ्या मते आक्षेपाचे उत्तरही त्यातच आहे. २००६ साली ई-मेल आणि लघुसंदेश परिणामकारक ठरले ते या जाळ्यावर पडले म्हणून. ज्या गावात संदेश वाचून दाखवणारे विहार होते तिथे मोर्चा निघाला. जिथे असे काही नव्हते तिथे तोच संदेश वाचून पुसला गेला. म्हणून ‘मोबाइलने क्रांती केली’ हे वाक्य जितके चुकीचे, तितकेच ‘मोबाइलचा काही संबंध नव्हता’ हेही चुकीचे. संघटना आधी होती, साधनाने तिला एक महिना उशिरा का होईना जागे केले.

तो एक महिना मात्र भरून निघाला नाही. १५ सप्टेंबर २००८ रोजी भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने अकरापैकी आठ जणांना दोषी ठरवले आणि २४ तारखेला सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप सुनावली. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची सक्त कैद केली. शिक्षा झाली, तीही कठोर. परंतु दोन्ही न्यायालयांनी अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा या गुन्ह्याला लागू होत नाही असेच म्हटले. हत्या जातीच्या द्वेषातून नव्हे, सूडातून झाली, असा निष्कर्ष निघाला. आरोप झालेले लैंगिक अत्याचारही सिद्ध झाले नाहीत. ज्या दोन गोष्टींसाठी हजारो लोक रस्त्यावर उतरले होते, त्या दोन्ही निकालपत्रातून निसटल्या. त्या का निसटल्या याचे उत्तर शोधायला कालव्याच्या काठावरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांकडे जावे लागते. पहिले शवविच्छेदन घाईने उरकलेले. मृतदेह पुरल्यावर ते पुन्हा बाहेर काढून दुसऱ्यांदा तपासावे लागले, तोवर शरीरावरचा जो पुरावा पहिल्या दिवशी मिळाला असता तो बहुतांशी गेलेला. पुण्याच्या यशदा संस्थेतून आलेल्या अहवालानेही पोलीस आणि वैद्यकीय यंत्रणेच्या हलगर्जीपणावर बोट ठेवले. माध्यमांचा सगळा झोत खैरलांजीवर पडला तो नोव्हेंबरमध्ये, आणि ज्यावर खटला उभा राहायचा ते कागद ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच लिहून झाले होते. माझे म्हणणे एवढेच आहे: डिजिटल माध्यम शासनाला कृती करायला भाग पाडू शकते, पण आधी खराब झालेली नोंद ते दुरुस्त करू शकत नाही. बातमीचा वेग हजारपटीने वाढला तरी पुरावा नासण्याचा वेग पूर्वी होता तेवढाच आहे.

यावर कोणी म्हणेल, आणि अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे, की दोष नोंदींपेक्षा न्यायालयीन दृष्टीचा आहे. एका दलित स्त्रीने जमिनीचा हक्क सोडला नाही, साक्ष दिली, म्हणून अख्खा जमाव तिच्या घरात शिरतो, यात जात दिसत नसेल तर कुठली नोंद ती दाखवणार? आनंद तेलतुंबडे यांच्या खैरलांजीवरील पुस्तकाचा रोख याच दिशेने आहे. हा मुद्दा मी नाकारत नाही. तरी ‘जमिनीचा वाद’, ‘जुने वैर’, ‘सूड’ हे शब्द न्यायमूर्तींनी आभाळातून आणलेले नव्हते. ते गावाच्या तोंडून ठाण्यात आणि ठाण्यातून बातमीत गेले होते, आणि त्यांना तिथल्या तिथे हरकत घेणारा कोणी नव्हता. दृष्टीसुद्धा समोर ठेवलेल्या कागदांवरून घडत असते. याच तेलतुंबड्यांना पुढे २०२०मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. त्या खटल्यात सहआरोपीच्या लॅपटॉपमधल्या फाइली बाहेरून घुसवलेल्या आहेत असे अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या तज्ज्ञ संस्थेने सांगितले, तपासयंत्रणेने ते मान्य केले नाही. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये तेलतुंबडे जामिनावर सुटले. म्हणजे कागदाची नोंद जशी खराब करता येते तशी संगणकातली नोंदही वादात सापडते.

दुसरा आक्षेप काळोख्या बाजूचा आहे. ज्या फोनवरून अन्यायाची हकीकत फिरते त्याच फोनवरून खोटेही फिरते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच जणांना पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. खैरलांजीच्या वेळी जी छायाचित्रे फिरली त्यांच्याबद्दलही प्रश्न उरतोच: मरणानंतर त्या आई-मुलीच्या देहाची अशी जाहीर मांडणी करण्याचा अधिकार कोणाला होता? छायाचित्रांशिवाय कोणी विश्वास ठेवला नसता, हे खरे. ज्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला जात नाही त्यांनाच आपल्या मृतांचे देह दाखवावे लागतात, ही त्यातली अधिक क्रूर बाजू. पण राईनपाडा आणि खैरलांजी शेजारी ठेवले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. दोन्हीकडे जमावच होता, आणि दोन्हीकडे पहिल्या काही तासांत ‘थांबा, हे तपासून पाहू’ म्हणणारा, ज्याचे म्हणणे गाव ऐकेल असा जाणता माणूस जागेवर नव्हता. एके ठिकाणी खरी बातमी हलली नाही, दुसऱ्या ठिकाणी खोटी बातमी थांबली नाही. उणीव एकच.

वेगाचा प्रश्न आता जवळजवळ सुटला आहे, हेही भंडाऱ्यानेच दाखवले. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बाळे दगावली. उजाडेपर्यंत देशभर बातमी पोहोचली होती, पंतप्रधानांपासून सगळ्यांचे शोकसंदेश आले. २००६मध्ये लागलेला महिना काही तासांवर आला. परंतु त्या कक्षात आग विझवण्याची, धूर ओळखण्याची सोय होती का, हा प्रश्न राज्यभर विचारला गेला तो आगीनंतर. आगीच्या आधी तो कुठल्या पानावर, कुठल्या पोर्टलवर ठणकावून विचारला गेला असता तर त्याचा उपयोग होता. घडून गेलेल्या संकटाचे चित्र पोहोचवण्यात नवी माध्यमे निष्णात झाली आहेत. संकट ज्या फायलीत महिनोन्‌महिने आकार घेत असते ती फाइल मागवून वाचणे हे काम अजून तसेच पडून आहे, कारण त्याला पाहणारे मिळत नाहीत आणि करणाऱ्याला कोणी पैसे देत नाही.

लाखांदूरसारख्या तालुक्यात आज कागदी वार्ताहराच्या जोडीला यूट्यूब वाहिन्या आहेत, पोर्टले आहेत, गावागावांचे व्हॉट्सअ‍ॅप गट आहेत. आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असताना वार्ताहराची काय गरज, असे विचारणारे पुष्कळ आहेत. पण पोर्टल चालवणारा तरुण त्याच शुभेच्छा-जाहिरातींवर जगतो, त्याच ठाण्याच्या अंमलदाराला फोन करतो. गटाचा प्रमुख बहुधा गावातल्या वजनदार घरातला असतो, आणि नको असलेला माणूस गटातून काढायला त्याला क्षणही लागत नाही. खैरलांजीत गाव गप्प बसले होते. गाव गप्प बसले की गावाचा गटही गप्पच बसतो.

कायदा मात्र या काळात थोडा पुढे सरकला आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात झालेली आणि २६ जानेवारी २०१६पासून लागू असलेली दुरुस्ती कलम १५-क आणते. त्यानुसार या कायद्याखालच्या गुन्ह्यांच्या कार्यवाहीचे चित्रीकरण झाले पाहिजे, पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षण मिळाले पाहिजे. सुरेखा भोतमांगे याही साक्षीदारच होत्या. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण बंधनकारक आहे, आणि सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. २००६ साली आंधळगावच्या हद्दीत ज्या नोंदी बिघडल्या, नेमक्या त्याच जागी आता कायद्याने कॅमेरा ठेवला आहे. १९९५च्या नियमांप्रमाणे जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक दर तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. ती झाली का, इतिवृत्तात काय आहे, किती प्रकरणांत चित्रण झाले, किती साक्षीदारांनी संरक्षण मागितले आणि कितींना मिळाले, हे माहितीच्या अधिकारात अर्ज करून विचारता येते. भय्यालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात वारले, तोवर ते आपल्या घरच्यांना जातीमुळे मारले गेले हे न्यायालयाने मान्य करावे म्हणून झगडत होते. माहितीच्या अधिकारातला तो अर्ज लाखांदूरच्या कोणत्याही वार्ताहराला करता येईल, आणि त्याच्या वर्तमानपत्राने किंवा पोर्टलने त्याला तेवढ्या कामाचे मानधन द्यायला हवे.